जीएसटी पोर्टलवरची परतावा सेवा: बेकायदा कर परत मागताना

संविधानाचे कलम २६५ सांगते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. चुकून जास्त भरलेली रक्कम परत मिळवायला पोर्टलची परतावा सेवा चांगली चालते. मुळात घ्यायलाच नको होता असा कर परत मागायला मात्र ती अपुरी पडते.

सागरी भाड्यावरच्या (जहाजाने माल आणण्याच्या खर्चावरच्या) आयजीएसटीत, म्हणजे आयातीवर आणि आंतरराज्य व्यवहारांवर लागणाऱ्या एकात्मिक जीएसटीत, हे नेमके दिसते. सीआयएफ कराराने (ज्यात मालाच्या किमतीतच विमा आणि भाडे धरलेले असते) माल आणणारा न्हावा शेवाचा आयातदार मालाच्या पूर्ण किमतीवर, म्हणजे भाड्यासकट, आयजीएसटी भरतोच. २०१७ च्या अधिसूचनांनी त्याच भाड्यावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी आयातदाराकडूनच, पुन्हा ५% कर लावला. भाड्याचा आकडा माहीत नसेल तर सीआयएफ मूल्याच्या १०% रक्कम भाडे म्हणून धरायची. १ कोटीच्या मालावर असे ५०,००० रुपये जात. १९ मे २०२२ रोजी मोहित मिनरल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही आकारणी अमान्य केली.

अर्ज आरएफडी-०१ या परताव्याच्या नमुन्यात करायचा. ‘सर्व्हिसेस’, ‘रिफंड्स’, मग ‘एनी अदर (स्पेसिफाय)’. बेकायदा करासाठी वेगळा प्रकारच नाही, म्हणून कारणाच्या रकान्यात निकाल, अधिसूचना आणि कलम २६५ स्पष्ट लिहा. सोबत बिल ऑफ एंट्री (आयातीचे सीमाशुल्क विवरण), चलने, जीएसटीआर-३बी (जीएसटीचे सारांश विवरणपत्र) आणि भाड्याचा महिनावार तक्ता जोडा. दावा २ लाखांच्या आत असेल तर ‘कराचा बोजा ग्राहकावर टाकलेला नाही’ हे स्वतःचे घोषणापत्र चालते. वर गेला की सीएचे किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र साचेबंद घेऊ नका. भरलेली रक्कम ताळेबंदात ‘येणे’ दाखवली होती की खर्चात टाकली, हे त्यात आलेच पाहिजे, कारण बोजा पुढे ढकलल्याचा संशय आला की पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात. शिवाय त्याच कराचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची विक्रीवरच्या करातून वजावट) घेऊन वापरले असेल तर मागण्यासारखे काही उरत नाही. खरा फटका बसतो तो हे क्रेडिट घेता न येणाऱ्या, वीजनिर्मितीसाठी कोळसा आणणाऱ्यांसारख्या करमुक्त उत्पादकांना.

१५ दिवसांत एकतर आरएफडी-०२ पोचपावती येते, नाहीतर आरएफडी-०३, म्हणजे अर्जातल्या त्रुटी दाखवणारा डेफिशिअन्सी मेमो. पोचपावती दिल्यावर मेमो काढता येत नाही, असे १८ नोव्हेंबर २०१९ च्या परिपत्रकात (क्र. १२५) स्पष्ट आहे. मेमो फक्त कागदातल्या उणिवांसाठी असतो. ‘मुदत संपली’ किंवा ‘दावा बसत नाही’ हे मेमोत लिहून अर्ज परतवणे चूक आहे. त्यासाठी आरएफडी-०८ ची कारणे दाखवा नोटीस काढावी लागते. उत्तराला १५ दिवस मिळतात. उत्तर आरएफडी-०९ मध्ये द्या आणि प्रत्यक्ष सुनावणी लेखी मागा. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियमांतील नियम ९२(३) नुसार म्हणणे ऐकण्याची संधी न देता अर्ज फेटाळता येत नाही. ती दिली नसेल तर आरएफडी-०६ या अंतिम आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत करायच्या अपिलात हाच पहिला मुद्दा घ्या.

एआरएनवरून (अर्जाच्या पोचक्रमांकावरून) अर्ज कुठे आहे हे पाहता येते, पैसे थेट बँकेत येतात, हेलपाटे वाचतात. इथपर्यंत सेवा खरोखर चांगली आहे. पण सीजीएसटी कायद्याच्या (परताव्याच्या) कलम ५४ ची दोन वर्षांची मुदत बेकायदा करालाही लावली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या मफतलाल निकालाने घटनाबाह्य आकारणीसाठी रिट (उच्च न्यायालयातली याचिका) किंवा दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवली आहे (तिथेही बोजा पुढे टाकलेला नसावा ही अट आहेच), आणि कॉमसोल एनर्जी प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने सागरी भाड्याच्या रकमेला कलम ५४ ची मुदत लावायला नकार दिला. पोर्टलच्या चौकटीत त्या वाटेला जागा नाही.

व्याजाचे गणित सर्वांत अन्यायाचे. पूर्ण अर्जानंतर ६० दिवस उलटले तरच ६% सुरू होते. २०१८ साली भरलेले पैसे सरकारने इतकी वर्षे वापरले, त्याचे पोर्टल काहीच देत नाही. रक्कम मोठी असेल आणि मुदत उलटली असेल, तर थेट उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम २२६ खाली (रिट याचिकेने) जा आणि भरणा केलेल्या तारखेपासूनचे व्याज याचिकेतच मागा.