जुना ट्रिगर पाठवा, नवीन किट घ्या

ज्यांची पोरं १० मीटर एअर पिस्तूल खेळतात आणि ज्यांच्या घरात सेकंडहँड पिस्तूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'मॅच ट्रिगर किट' विकणारा एक भामटा सध्या सांगली, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यातल्या नेमबाजांच्या ग्रुपवर फिरतोय. पार्सल येतं, किट येतं, बिलासारखा एक कागदसुद्धा येतो, त्यामुळे फसलोय हे लवकर कळत नाही. त्याला किटच्या पैशात फारसा रस नाही. तुमच्या पिस्तुलातला जुना ट्रिगर त्याला हवा असतो.

मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. भाची मिरजेला असते, जिल्हा पातळीवर खेळते. तिचं पिस्तूल परदेशी बनावटीचं, क्लबमधल्या एका सिनियर मुलाकडून घेतलेलं. नवं घ्यायचं तर दीड-दोन लाखांच्या घरात जातं, म्हणून बहुतेक पोरांचं असंच जुन्यावर चालतं. पिस्तूल चांगलं होतं. फक्त ट्रिगर सुटायच्या आधी बोटाला किंचित खरखर लागायची. तिनं कुठल्यातरी ग्रुपवर त्याबद्दल विचारलं आणि तासाभरात या गृहस्थाचा मेसेज आला. 'ताई, ही खरखर म्हणजे सिअर झिजलाय. आता दुरुस्ती नाही, किटच बदलावं लागेल.' सिअर म्हणजे ट्रिगरमधला ताण अडवून धरणारा छोटा भाग. पिस्तूल न बघता, फोटोसुद्धा न मागता निदान!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या पिस्तुलाच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट हलकेच मागे जातं आणि एका जागी अडतं. तिथून पुढे जरासा दाब दिला की सिअर सुटतो आणि छर्रा जातो. हा सुटण्याचा क्षण काच तुटल्यासारखा स्वच्छ लागला पाहिजे, त्यावर नेमबाजाचा सगळा जीव असतो. कारण १० मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं, आणि असे ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे. ट्रिगर किती हलका ठेवायचा यालाही नियम आहे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरनं किमान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. स्पर्धेआधी नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि ते टेबलावरून उचलून बघतात. तीनदा संधी मिळते. सामना झाल्यावरही अचानक तपासणी होते आणि तेव्हा ट्रिगर हलका निघाला तर खेळाडू थेट बाद.

भामट्याला हे सगळं पाठ आहे. जाहिरातीत तो ५०० ग्रॅमचा नियम स्वतःहून सांगतो, पाठोपाठ मनू भाकरचं नाव काढतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, मिनिटं वाया गेली आणि फायनल हुकली, हे खरंच आहे. त्यावरून हा म्हणतो, 'बघा, म्हणून आमचं साधं मेकॅनिकल किट, बिघाडाचा प्रश्नच नाही.' २०२४ साली पॅरिसला तिनं दोन ब्राँझ घेतली ती काही याचं किट लावून नाही, पण ऐकणाऱ्या पोरीच्या डोळ्यांसमोर मेडलच येतं ना!

किंमत सांगितली साडेअकरा हजार. मग म्हणे एक्स्चेंजमध्ये चार हजार कमी करतो, जुनं ट्रिगर युनिट मला पाठवा. वर अट अशी की जुनं युनिट आधी पोचलं पाहिजे. 'प्रत्येक पिस्तुलाचं माप वेगळं असतं दादा, तुमच्या युनिटवर किट जुळवून सेट करून देतो. तुम्ही घरी नुसतं बसवायचं, चार स्क्रू.' हे दाजींना पटलं. पटण्यासारखंच आहे, आम्हीसुद्धा गिऱ्हाइकाचा जुना पार्ट मापाला मागवतोच की. पैसे मी दिले, साडेसात हजार, यूपीआयनं. युनिट दाजींनी कुरिअरला टाकलं.

आता पिस्तूल बिनट्रिगरचं. पोरीची प्रॅक्टिस बंद, आणि हा रोज उद्यावर ढकलतोय. 'हार्डनिंगला टाकलंय,' 'कुरिअरवाला आला नाही,' 'गावी यात्रा आहे.' या अवस्थेत कुणी भांडत नाही, कारण आपली वस्तू त्याच्या हातात असते. मला वाटतं त्याच्या धंद्याचा पाया हाच आहे.

शेवटी पार्सल आलं आणि बसवायला माझ्याकडे आलं. फोममध्ये नीट ठेवलेले भाग, काळेभोर, एकावर लेसरनं काढलेली खूण. पण हातात घेतल्यावर नखाला रंग लागला. आमच्याकडे ब्लॅकोडायझिंग केलेला, म्हणजे रसायनानं काळा केलेला पार्ट रोज बघतो, त्याचा काळा असा सुटत नाही. हा डब्यातला स्प्रे होता. मग सिअरची जी बाजू कशालाच लागत नाही तिथं बारीक कानस लावून बघितली. हार्ड केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या स्टीलवर कानस घसरते, दात धरत नाही, आवाजसुद्धा काचेवर ओढल्यासारखा येतो. इथं तिनं पहिल्याच हाताला चकाकता चुरा काढला. साधी एमएसची, म्हणजे मऊ लोखंडाची पट्टी! ज्या धारेवर हजारो वेळा ताण सुटायचा, ती धार लोखंडाच्या पट्टीतून कापलेली. हार्डनिंगला टाकलं म्हणाला ते काय, चुलीत टाकलं होतं का कोण जाणे. पिनेचं भोकही व्हर्निअरनं मोजलं तर पॉइंट दोन मिलिमीटरनं मोठं लागलं. एवढी ढिलाई आमच्याकडे ट्रॉलीच्या चाकातसुद्धा चालत नाही.

तरी पोरीचं मन राहावं म्हणून बसवून बघितलं. नळी वाळूच्या पेटीकडे, छर्रा नाही, घरातल्या बाकीच्यांना बाहेर काढलेलं. लीव्हर मिटवली आणि ट्रिगरला बोट न लावताच 'फट्' झालं. सिअर धरतच नव्हता. पुढच्या वेळी धरला, तर लाकडी टेबलावर तळहात आपटल्यावर सुटला. छर्रा आत असता आणि पोर रेंजवर लेनमध्ये उभी असती तर काय झालं असतं, ते नेमबाजांना सांगायला नको. किट तिथंच उतरवलं.

फोन केल्यावर पहिलं उत्तर ठरलेलं होतं, 'तुम्ही चुकीचं बसवलंय सर, वॉरंटी गेली.' मी कानशीचा आणि भोकाचा विषय काढला तसा सूर बदलला. म्हणाला, 'घरात पिस्तुलाची खोलाखोल करणं आर्म्स ॲक्टमध्ये गुन्हा आहे. पोलिसांत जा, आधी तुम्हालाच आत घेतील. पोरीचं करिअर जाईल बघा.' दाजी इथंच गार पडले. बऱ्याच घरांत प्रकरण इथंच मिटत असणार, पैसे आणि युनिट दोन्ही सोडून.

म्हणून हे नीट वाचा. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे .१७७ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात) आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीचं एअर पिस्तूल बाळगायला लायसन्स लागत नाही. मॅचचं एअर पिस्तूल या मर्यादेच्या बरंच खाली असतं. काडतुसाच्या हत्याराची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. लायसन्सच्या .३२ पिस्तुलाची किंवा रिव्हॉल्व्हरची दुरुस्ती, फेरफार हे १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ खाली येतं. ते काम परवानाधारक गनस्मिथचं, घरच्या टेबलावरचं नव्हे. या भामट्यानं साताऱ्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनाही त्यांच्या .३२ साठी किट देऊ केलं होतं. सुभेदारांनी 'तुझा दुकानाचा परवाना नंबर सांग' एवढंच विचारलं आणि फोन कट झाला. दोन्ही कायद्यांची अशी सरमिसळ करूनच तो एअर पिस्तूलवाल्यांना दम देतो.

आमचं युनिट कुठं गेलं ते भाचीनंच शोधलं. दुसऱ्याच नावाच्या एका अकाउंटवर 'ओरिजिनल मॅच ट्रिगर युनिट, फार कमी वापरलेलं' अशी जाहिरात, किंमत बावीस हजार. फोटो मोठा करून बघितला तर ॲडजस्टमेंटच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. सेटिंग हललं तर कळावं म्हणून तिनंच तो लावलेला, स्क्रूच्या खाचेतून थोडा बाहेर ओघळलेला. तिच्या जुन्या फोटोतही तो ओघळ तसाच दिसतो. त्याच जाहिरातीत पिस्तुलाला लावायचा दाबलेल्या हवेचा एक सिलिंडरही होता आणि त्यावरची बनावटीची तारीख घासून काढलेली. सिलिंडर बनावटीपासून १० वर्षांपर्यंतच चालतात, स्पर्धेत ती तारीख बघतात, तेव्हा तारीख घासायचं कारण वेगळं सांगायला नको.

म्हणजे हिशेब असा. साडेसात हजारांत तो तुम्हाला दोन-तीनशेचा पत्रा देतो आणि बावीस हजारांचा माल तुमच्याच खर्चानं, तुमच्याच कुरिअरनं मागवून घेतो. पैसे परत मागितले तर तो एखाद वेळेस देईलही. आम्हाला चार हजार परत द्यायला तयार झाला होता, 'विषय मिटवा' म्हणून. युनिटचं नाव काढलं की मात्र फोन बंद.

खरखरीचं पुढे काय झालं तेही सांगतो. कोल्हापूरच्या रेंजवर एका जुन्या कोचना तसल्याच दुसऱ्या पिस्तुलाचा ट्रिगर दाखवला, त्यालाही तीच तक्रार होती. त्यांनी उघडून वाळलेलं तेल पुसलं, कंपनीनं सांगितलंय तेवढंच नवीन लावलं, खरखर गेली. आमच्या युनिटलाही बहुधा एवढंच हवं होतं. एअर पिस्तुलाचा सिअर इतक्या सहज झिजत नाही, असं ते म्हणाले, आणि आमच्या धंद्याच्या अनुभवानं मलाही ते पटतं. हार्ड केलेल्या टूल स्टीलची धार दोन-चार सीझनमध्ये जात नाही. नवीन युनिट आता क्लबमार्फत, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून मागवलंय. तोवर भाची क्लबच्या पिस्तुलावर खेळतेय, ग्रिप हाताला मोठी होते म्हणून कुरकुरत.

तक्रार केली आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंद केली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत १९३० ला कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येते. पण या प्रकारात फसलोय हे कळेपर्यंतच बराच काळ जातो, तो ते ओळखूनच तारखा देत बसतो. त्यामुळे पैशाची फार आशा नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा खुला आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. फक्त समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतो, आणि आमच्याकडे होता तो पत्ता खोटा निघाला.

त्यावर उपयोगी पडला तो पार्सलचा बाहेरचा कागद. आत 'पुणे' लिहिलेलं बिल होतं, पण कुरिअरच्या स्टिकरवर बुकिंगची शाखा दुसऱ्याच जिल्ह्यातली होती. पोलिसांनी सगळ्यात आधी तेच मागितलं, डॉकेट नंबर (म्हणजे पार्सलचा कुरिअर नंबर) आणि बुकिंग शाखा. बहिणीनं तो खोका रद्दीत टाकायला बाजूला काढला होता, नशिबानं रद्दीवाला आला नव्हता. तुमच्याकडे असं पार्सल आलं असेल तर स्टिकरसकट खोका ठेवा, यूपीआयची पावती आणि त्याचे व्हॉइस मेसेज डिलीट करू नका, आणि जुन्या युनिटचा नंबर किंवा खूण दिसेल असा एखादा फोटो सापडतोय का बघा. आमच्यासारखेच आणखी दोघं भेटलेत, एक इस्लामपूरचे आणि एक कराडचे. तिघांच्या स्टिकरवर बुकिंगची शाखा एकच आहे.