लोक अभिरक्षक कार्यालय: मोफत वकील उलटतपासाला किती पुरतो?

ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीचा खटला आता लोक अभिरक्षक कार्यालयाचे वकील चालवतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२च्या योजनेतून ही कार्यालयं उभी राहिली. प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा, म्हणजे मोफत सेवेसाठीच्या यादीतला वकील आपली खासगी कामं सांभाळून असे खटले बघतो. इथल्या वकिलाला खासगी वकिली करता येत नाही. आमचं मत आधीच सांगतो: जामीन आणि तारखांसाठी ही सेवा भरवशाची आहे. उलटतपासासाठीही चांगली आहे, पण घरच्यांनी कागदांचा पाठपुरावा केला तरच.

आरोपी कोठडीत असेल तर उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. अर्ज तुरुंगातून, न्यायाधीशांकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करता येतो; हेल्पलाइन १५१००.

पहिला प्रश्न हा विचारा: उलटतपास कोण घेणार? मुख्य अभिरक्षकाला फौजदारी वकिलीची किमान १० वर्षं आणि सत्र न्यायालयातले ३० खटले अशी अट आहे, उपमुख्याला ७ वर्षं आणि २० खटले. सहायकाचा अनुभव ० ते ३ वर्षं. खुनाच्या खटल्यातला प्रत्यक्षदर्शी सहायकाच्या एकट्याच्या अंगावर पडू देऊ नका.

मग कागद. दोषारोपपत्राच्या नकला आरोपीला १४ दिवसांत मोफत मिळायला हव्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २३०). गठ्ठा मिळाला म्हणून सही करून मोकळं होऊ नका. पानं मोजा. घटनास्थळाचा नकाशा, पंचनाम्याची मागची बाजू, प्रयोगशाळेचा अहवाल, पेन ड्राइव्ह यांतलं काही राहिलं असेल किंवा झेरॉक्स वाचता येत नसेल, तर आरोप ठेवण्याआधी लेखी अर्ज द्या.

खरी कसोटी पोलीस जबाबातल्या विसंगतीची. साक्षीदार कोर्टात म्हणतो, आरोपीच्या हातात कोयता होता. पोलीस जबाबात कोयता कुठेच नाही. वकील विचारतो, 'हे पोलिसांना सांगितलं होतं का?' ठरलेलं उत्तर येतं: 'सांगितलं होतं. जबाबात का लिहिलं नाही, याचं कारण सांगता येणार नाही.' इथे काम निम्मंच झालेलं असतं. तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं की या साक्षीदाराने त्याला कोयत्याचं सांगितलं नव्हतं. जबाबात 'अंधारात चेहरा दिसला नाही' असं उलट वाक्य असेल, तर तेवढा भाग साक्षीदाराला वाचून दाखवायचा, त्याने नाकारला की खूण करून घ्यायची आणि तो भाग अंमलदाराकडून शाबित करायचा. अंमलदार सहसा शेवटी येतो, बऱ्याचदा कित्येक महिन्यांनी. तोवर फाइल दुसऱ्या वकिलाकडे गेलेली असते, त्याला हे मुद्दे ठाऊक नसतात आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून साक्षीदाराचं नाव, जबाबाची तारीख, वाक्य आणि साक्षीतला परिच्छेद असा साधा तक्ता फाइलला लावायला सांगा. तो नसेल तर उलटतपास कितीही जोरात झालेला असो, हाती फार काही लागत नाही.

फाइल सकाळी मिळाली आणि दुपारी साक्ष, असं झालं तर मुदत मागायला संकोच करू नका. फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी साधारण किमान ७ दिवस द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अनोखीलाल प्रकरणात सांगितलं आहे. गैरहजेरीमुळे 'उलटतपास नाही' अशी नोंद झाली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ खाली साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज शक्यतो त्याच दिवशी पडायला हवा. नुसता वकील बदलला, हे कारण पुरत नाही.

बचावाचे साक्षीदार हा मात्र कच्चा दुवा. सत्र खटल्यात आरोपीने मागितलं तर समन्स काढावंच लागतं. त्रास देणं, विलंब लावणं किंवा न्यायाचा हेतू हाणून पाडणं हा उद्देश दिसला तरच न्यायालय कारणं नोंदवून नकार देऊ शकतं (कलम २५६). इतका भक्कम हक्क असूनही 'बचावाचा पुरावा नाही' अशी पुरशीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन हा टप्पा पाच मिनिटांत उरकला जातो. आरोपी त्या दिवशी कामावर होता हे सांगणारा मुकादम असेल, तर त्याचं नाव, पत्ता आणि हजेरीपत्रक पहिल्याच भेटीत वकिलाच्या हाती द्या.