युवर युरोप अ‍ॅडव्हाइस : पोरगी युरोपात द्यायची असन तर एजंटच्या आधी इथं विचारा

ही युरोपियन युनियनची (युरोपातल्या सदस्य देशांच्या संघाची) कायद्याचा सल्ला देणारी ऑनलाइन सेवा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा यासाठी कापला का इथं मराठी चालत नाही, हिंदी पण नाही, युरोपियन युनियनच्या 24 अधिकृत भाषांतच विचारावं लागते, म्हणजे आपल्याले इंग्रजीच. बाकी फुकटात इतकं नीट उत्तर देणारी सरकारी सेवा मी तरी पाहिली नाही.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, घरी कापूस अन् तूर. पुतणी पुण्यात नोकरीले होती, तिथं ऑफिसातल्या पोलंडच्या मुलाशी तिचं जमलं, यवतमाळले स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टनं लग्न झालं, 30 दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, सगळं रीतसर. आता जावयाले नोकरी लागली नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनले. म्हणजे नवरा पोलंडचा, राहतो नेदरलँड्समध्ये अन् बायको भारताची. कोणता कायदा लागू होते हे इथंच लोकांले समजत नाही, अन् एजंट लोक याचाच फायदा घेतात.

नागपूरच्या एका एजंटनं सांगितलं का पोरीले आधी डच भाषेची परीक्षा द्यावी लागन, जावयाचा पगार अमुक इतका पाहिजे, घराचा करार पाहिजे, अन् हे सगळं करून द्यायचं पॅकेज. आकडा ऐकून वहिनीचा चेहरा उतरला. दादा म्हणे, "देऊन टाकू न बावा, पोरीचं काम नाही अडलं पाहिजे." कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे त्यानं पिशवीत वेगळे बांधून ठेवले होते.

मग जावयानं या सेवेवर प्रश्न टाकला. आठवड्यात उत्तर देतो असं ते लिहितात अन् आठवड्याच्या आत आलंही. उत्तर कायद्याच्या जाणकारानं लिहिलेलं, कोणत्या कलमात काय आहे ते सांगून. मुद्दा असा का युरोपियन युनियनचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात कामाले गेला का त्याच्या बायकोले 2004 चं डायरेक्टिव्ह 38 (सगळ्या सदस्य देशांले बांधील असलेला युनियनचा कायदा) लागते, त्या देशाचे घरचे नियम नाही. त्यात भाषेची परीक्षा नाही. नोकरी असन तर पगाराची किमान अट नाही, नोकरी खरी पाहिजे एवढंच. जायले व्हिसा लागतो पण त्याची फी नाही अन् अर्ज लवकर निकाली काढावा लागते. तिथं गेल्यावर तीन महिन्यांनंतर राहायचं असन तर रेसिडेन्स कार्डासाठी (तिथं राहायच्या परवान्यासाठी) अर्ज, अर्जाची पावती लगेच द्यावी लागते, निर्णय 6 महिन्यांच्या आत, कार्ड साधारण 5 वर्षांचं, अन् बायकोले काम करायची पूर्ण मुभा. पाच वर्षं सलग राहिलं का कायम राहायचा हक्क.

आता एजंट सरासर खोटं बोलला असंही नाही, त्यानं दुसऱ्याच माणसाचा नियम आमच्या गळ्यात घातला. जावई स्वतः डच असता अन् आपल्याच देशात राहत असता तर परीक्षा अन् पगार दोन्ही लागलं असतं, कारण मग नेदरलँड्सचा स्वतःचा कायदा. परक्या देशच्या युरोपियनले सोपं अन् घरच्याले कठीण, विचित्र वाटते पण तसंच आहे. त्यातही नवरा दुसऱ्या सदस्य देशात काम करून बायकोसोबत परत आला असन तर तिले घरच्या देशातही हक्क मिळतो, अन् हा निकाल ज्या केसमध्ये लागला तो माणूस भारतीयच होता, सुरिंदर सिंग. बायको ब्रिटिश, दोघं जर्मनीत कामाले होते, परत ब्रिटनले आले (तेव्हा ब्रिटनही सदस्य होता), 1992 मध्ये युरोपच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

ही सेवा कागद बनवून देत नाही, हे ध्यानात ठेवा. मॅरेज सर्टिफिकेटचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीची सरकारी खूण) आपल्यालेच करावं लागते, आधी राज्य सरकारची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. जर्मनीनं भारताच्या अपोस्टिलवर हरकत घेतलेली होती, तर तिकडं जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या. अन् आधार, पासपोर्ट, सर्टिफिकेट तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे. आमच्या पोरीच्या आधारावर वडिलांचं नाव मधात आहे अन् पासपोर्टवर ते पोरीच्या नावालेच जोडलेलं, ते निस्तरायले तालुक्याच्या सेतूतल्या पोरानं खूप मदत केली.

वहिनीचा एकच प्रश्न होता, पहिल्या बाळंतपणाले पोरगी माहेरी येऊ शकन का, का कार्ड रद्द होईन. तोही विचारून घेतला. वर्षात 6 महिन्यांपर्यंत बाहेर राहिलं तर कार्डाले धक्का नाही, अन् बाळंतपण, मोठं आजारपण अशा कारणासाठी एकदा सलग 12 महिन्यांपर्यंत चालते. हे ऐकून वहिनी उठून चहा ठेवायले गेली, दादानं पिशवी सोडून पैसे कपाटात ठेवले.

प्रश्न टाकताना नवऱ्याचं नागरिकत्व, राहायचा देश, नोकरी आहे का, लग्न कुठं झालं, हे चार मुद्दे लिहाच, नाही तर उत्तर मोघम येते. अन् तिथल्या ऑफिसनं नियम डावलून अर्ज अडवला तर ही सेवा फक्त सल्ला देते, भांडायले सॉल्विट नावाची वेगळी सेवा आहे, तीही फुकट, 10 आठवड्यांत मार्ग काढायचं त्यांचं उद्दिष्ट असते. फक्त कोर्टात केस टाकायच्या आधी जा, नंतर ते घेत नाहीत.