मंक: हसू येतं तिथेच धागा असतो

गेली बावीस वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर पुढ्यात प्रूफं असतात. वाचणारा गोष्टीत रमतो, मी वेलांट्या आणि अनुस्वार बघते. काम संपलं म्हणून ही नजर मिटत नाही. औषधाच्या खोक्यावरची सूचना असो नाहीतर दारावरची पाटी, चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांत कुसळासारखा खुपतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतही नाही. म्हणूनच असेल, एड्रियन मंकला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मला विनोदी वाटायच्या आधी ओळखीचा वाटला.

'मंक' ही अमेरिकन मालिका २००२ च्या जुलैमध्ये सुरू झाली आणि ४ डिसेंबर २००९ ला संपली. आठ सीझन, १२५ भाग, प्रत्येक भाग साधारण पाऊण तासाचा. सध्या मी ती आईबरोबर दुसऱ्यांदा बघतेय. आईला इंग्रजी संवाद भरभर कळत नाहीत, म्हणून रिमोट माझ्या हातात. मी थांबवते, काय म्हणाले ते सांगते, पुन्हा सुरू करते. असं थांबत थांबत बघितल्यामुळे पहिल्या वेळी पार निसटलेली एक गोष्ट हाताला लागली. ती मला नाही, आईला सापडली. तिच्याकडे येतेच.

आधी थोडक्यात कथा. मंक हा सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस खात्यातला एकेकाळचा हुशार अधिकारी. १९९७ मध्ये त्याची बायको ट्रूडी गाडीतल्या बॉम्बस्फोटात मारली गेली आणि हा कोसळला. लहानपणापासून असलेला मंत्रचळ, म्हणजे ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात तो, इतका वाढला की नोकरी गेली. आता खातं त्याला अडलेल्या केसपुरतं बोलावतं. त्याला जंतूंची भीती, उंचीची भीती, गर्दीची भीती, दुधाची भीती. कुणाशी हात मिळवला की लगेच हात मागे पसरतो आणि सहायक शरोना त्यात ओला टिश्यू ठेवते. जगातल्या शेकडो खुनांचा उलगडा करणाऱ्या या माणसाला एकच खून सुटत नाही, त्याच्या बायकोचा.

पहिल्याच भागात तो खून झालेल्या घरात उभा आहे आणि त्याच्या डोक्यात एकच घोळतंय, निघताना घरची शेगडी बंद केली होती का? आपण हसतो. मंकचं काम करणारा टोनी शलूब हे इतक्या मनापासून करतो की हसण्यातही त्या माणसाची दया येते. मग तो दोन्ही तळवे समोर धरून खोलीत हळूहळू फिरायला लागतो, दिसेल त्या कोपऱ्याला चौकट घातल्यासारखा. मान तिरपी, डोळे बारीक, सगळं पोलीस पथक खोळंबलेलं. या कामासाठी शलूबला तीन वेळा एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा अमेरिकन पुरस्कार, मिळाला, २००३, २००५ आणि २००६ मध्ये. ते हात बघितले की का मिळाला ते सांगावं लागत नाही. माझा एक ज्येष्ठ सहकारी शेवटच्या प्रूफावर अगदी असाच हात फिरवायचा, कागदाला न टेकवता.

तर आईची गोष्ट. सातवा-आठवा भाग असेल. मंक कुठल्याशा टेबलावरच्या वस्तू सरळ करत बसला होता, मी हसत होते. आई म्हणाली, "अगं थांबव. हा आपल्याला हसवतोय ना, तेव्हाच काहीतरी दाखवून घेतायत बघ." मी मागे नेलं. खरंच, तो ज्या वस्तू नीट लावत होता त्यातच पुढे खुन्याला पकडून देणारी गोष्ट होती. आम्ही दोघी ती डोळ्यांदेखत पाहत होतो आणि दोघींचं लक्ष त्याच्या बोटांवर होतं.

त्या दिवसापासून आमचं बघणंच बदललं. रहस्य आणि विनोद एकत्र असलेल्या मालिकेबद्दल सहसा म्हटलं जातं की विनोद हा विसावा असतो, खुनाचा ताण हलका करायला मध्ये मध्ये पेरलेला. वाईट मालिकांत तो तसाच असतो. चांगल्या मालिकेत विनोद हीच धागा लपवायची जागा असते. गंभीर रहस्यकथेत कॅमेरा एखाद्या ॲशट्रेवर दोन क्षण जास्त रेंगाळला की सराईत प्रेक्षक लगेच सावध होतो. तोच ॲशट्रे मंकने उचलला, पुसला, मधोमध ठेवला, पुन्हा उचलला, तर प्रेक्षक हसतो आणि हसताना सावध राहत नाही. लेखकाने पत्ता उघडा टाकलेला असतो, त्यामुळे शेवटी उलगडा झाला की फसवल्याची भावना येत नाही. "अरे, समोरच तर होतं!" म्हणून दुसऱ्यांदा आनंद होतो.

दुसऱ्या सीझनमधला मेक्सिकोचा भाग यासाठी जरूर बघा. एक तरुण विमानातून पॅराशूट बांधून उडी मारतो आणि जमिनीवर येतो तो मेलेला. शवविच्छेदनात निघतं की तो बुडून मेला. हवेत! ही केस सोडवायला गेलेल्या मंकला त्याच्या नेहमीच्या कंपनीचं बाटलीतलं पाणी मिळत नाही, दुसरं तो पिणार नाही. म्हणजे ज्याच्या फुप्फुसात पाणी भरलं त्याचा शोध घेणारा माणूस तहानेने कासावीस. कोडं आणि विनोद दोन्ही एकाच पाण्याचे. खुनी कोण ते नीट आठवूनही मी दुसऱ्या वेळी तेवढीच गुंगले.

मालिकेतली कोडीही तशीच सरळ आणि हट्टी असतात. एका भागात संशयित माणूस खुनांच्या वेळी कोमात असतो. एकात ११५ वर्षांच्या म्हाताऱ्याचा खून होतो, आणि प्रश्न एवढाच की जो आज ना उद्या जाणारच त्याला मारायची घाई कुणाला? एकात खून होतो तेव्हा संशयित चक्क अंतराळात असतो, आणि मंकची खात्री असते की खून त्यानेच केलाय. एका वाक्यात सांगता येईल आणि रात्रभर डोक्यात फिरेल असं कोडं रचणं फार अवघड काम आहे. मालिकेचा मुख्य लेखक अँडी ब्रेकमन आणि त्याच्या सहलेखकांनी ते वर्षानुवर्षं केलं.

आईने पहिल्या भागानंतर विचारलं होतं, "हा आपल्या गाजरवाल्यासारखा ना गं?" म्हणजे 'करमचंद'. १९८५ मध्ये दूरदर्शनवर पंकज कपूरने रंगवलेला, गाजर खात खात केस सोडवणारा आणि सहायक किटीला गप्प बसवणारा. त्याच्यावर माझंही प्रेम आहे. पण आईच्या त्या प्रश्नावरून मला एक कसोटी सापडली, आणि आता मी ती प्रत्येक विनोदी गुप्तहेराला लावते. त्याची सवय काढून घेतली तर गुप्तहेर उरतो का? करमचंदच्या हातातलं गाजर काढून घ्या, तो तरीही केस सोडवेल. गाजर हा दागिना आहे, शोभून दिसणारा. मंकचा मंत्रचळ काढून घ्या, काहीच उरत नाही. ज्या डोळ्याला भिंतीवरची तसबीर तसूभर तिरकी दिसते त्याच डोळ्याला खुन्याचं खोटं दिसतं. आपण त्याच्या ज्या गोष्टीला हसतो तीच खुन्याला पकडते.

या कसोटीवर सगळ्यात वर उभा राहतो तो अर्थात अमेरिकन मालिकेतला पोलीस 'कोलंबो'. १९६८ मध्ये तो एका टीव्ही चित्रपटात आला आणि १९७१ पासून त्याची मालिका सुरू झाली. पीटर फॉकने घातलेला तो चुरगळलेला रेनकोट त्याचा स्वतःचाच होता. तिथे खुनी कोण हे पहिल्यापासून दाखवलेलं असतं, म्हणजे धागा प्रेक्षकांपासून लपवायचा प्रश्नच नाही. तिथे हसू खुन्यासाठी लावलेला सापळा असतं. हा गबाळा, खिसे चाचपडणारा, पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या बायकोच्या गोष्टी सांगणारा माणूस आपलं काय वाकडं करणार, असं श्रीमंत खुन्याला वाटतं आणि तो बोलत सुटतो. कोलंबो दारापर्यंत जातो, थांबतो, वळतो, आणि अजून एकच गोष्ट विचारतो. ते वळणं मला आजही खुर्चीच्या कडेवर आणतं.

फरक असा की कोलंबो आपला गबाळेपणा वापरतो. मंकला वापरता येत नाही, तो त्यात अडकलाय. म्हणून कारागिरीत 'कोलंबो' सरस असला तरी जीव माझा 'मंक'मध्येच गुंतलाय. सॅन फ्रान्सिस्कोत सफाई कामगारांचा संप होतो तो पाचव्या सीझनमधला भाग घ्या. रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग, आणि त्या वासाने मंकचं डोकं चालेनासं होतं. एका क्षणी तो गायक ॲलिस कूपरच खुनी आहे असं ठामपणे सांगायला लागतो. प्रसंग अतिशय गमतीचा आहे, पण त्यात कॅप्टन स्टॉटलमायरचा चेहरा बघा. आपल्या मित्राचं एकमेव बळ हरवतंय हे त्याला दिसतंय. मग तो त्याला पूर्ण निर्जंतुक खोलीत नेतो, आणि तिथे मंक पुन्हा मंक होतो. डोकं चालायला नीटनेटकं जग लागणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी अशी खोली शोधून देत नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर मी पहिल्या भागानंतर थेट दुसऱ्या सीझनमधल्या तीन पायांच्या भागाकडे नेईन. पाय म्हणजे तो गोड सारण भरून भाजलेला अमेरिकन पदार्थ. त्यात मंकचा भाऊ ॲम्ब्रोज भेटतो. तो ३२ वर्षं घराबाहेर पडलेला नाही. घरात बसून यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहितो, त्याही अनेक भाषांत. जॉन टर्टुरोला या भूमिकेसाठी २००४ मध्ये एमी मिळाला. दोन भाऊ, दोघेही आपापल्या भीतीत कोंडलेले, आणि ट्रूडी गेली तेव्हा ॲम्ब्रोजने साधा फोनही केला नाही हा मंकच्या मनातला काटा. फोन का केला नाही ते ॲम्ब्रोज सांगतो तेव्हा मी रिमोटला हात लावला नाही. आईला भाषांतराची गरज पडली नाही.

उणिवा आहेतच, आणि त्या मला टोचतात. मधल्या काही सीझनमध्ये लेफ्टनंट रँडीला इतकं बावळट केलंय की असा माणूस पोलिसात राहील कसा, हा प्रश्न पडतो. शेवटच्या सीझनांत काही भागांत मंकच्या भीतीचा केसशी काडीचाही संबंध नसतो, नुसता एकामागून एक गमतीचा प्रसंग. तिथे माझी कसोटी लावली की भाग कोसळतो. शिवाय मंत्रचळ हा खरा आजार आहे. तो असलेल्या माणसाला ही मालिका बोचू शकते हे मी मान्य करते. माझ्या बाजूने एवढंच म्हणेन की मालिकेची कल्पना ज्या डेव्हिड होबरमनला सुचली त्याने ती स्वतःच्या तशाच त्रासातून घेतली होती, आणि ते जाणवतं. हसू मंकच्या धडपडीचं असतं. त्याला हिणवणारी माणसं मालिकेत फार वेळ टिकत नाहीत.

तिसऱ्या सीझनच्या मध्यात शरोना जाते आणि तिच्या जागी नवी सहायक नॅटली येते. यावरून चाहत्यांत आजही दोन तट आहेत. शरोना नर्स होती, ती मंकला फटकारून पुढे ढकलायची, आणि तिच्या त्या धारेची मला आठवण येते. तरी मला नॅटली जास्त भावते. तिचाही नवरा गेलेला आहे, त्यामुळे ट्रूडीचा विषय निघाला की ती समजूत घालत बसत नाही, नुसती शेजारी बसते. आईही विधवा आहे. नॅटली आल्यापासून ती मालिका जरा जास्त शांतपणे बघते.

२००८ मध्ये मंकच्या मानसोपचारतज्ज्ञाचं, डॉक्टर क्रोगरचं काम करणारा स्टॅन्ली कामेल अचानक गेला. मालिकेने नुसता नट बदलून वेळ मारून नेली नाही. सातव्या सीझनच्या सुरुवातीला डॉक्टर क्रोगरही गेलेला असतो आणि मंक पुन्हा एकदा पोरका होतो. इतकी वर्षं हसवणारी मालिका आपल्या माणसासाठी थांबून रडते, याचा मला फार आदर वाटतो.

शेवटाबद्दल काही सांगणार नाही. एवढंच, की ट्रूडीने दिलेली एक भेटवस्तू मंकने बारा वर्षं न उघडता जपून ठेवलेली असते. शेवटचे दोन भाग एकच गोष्ट आहेत, ते सलग बघा. आई आणि मी अजून सातव्या सीझनवर आहोत. काल तिने विचारलं, "तो डबा उघडतो का गं शेवटी?" मी सांगितलं नाही.