ब्रॉयलर: कंपनीची बॅच घ्यायची की स्वतःची पिल्लं टाकायची?

५००० पक्ष्यांचं शेड उभं राहिलंय, बँकेचा हप्ता सुरू झालाय आणि आता कंपनीशी करार करावा की आपली आपण बॅच टाकावी असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय.

करारात पिल्लं, फीड, औषधं कंपनीची. शेड, लाइट, पाणी, तूस, राबणं आपलं. चाळीसेक दिवसांनी माल उचलला की किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवल्याचे पैसे, आपल्याला. स्वतःची बॅच असली की नफाही आपला नि खड्डाही आपलाच.

आता फीडचा हिशोब बघा. पक्षी २ किलोचा आणि एफसीआर (किलोभर वजनाला किती किलो फीड लागतं तो आकडा) १.६ धरला तर पक्ष्याला ३.२ किलो, म्हणजे ५००० ला १६ टन, ५० किलोच्या ३२० बॅगा, ४० रुपये किलोनं धरलं तरी ६ लाख ४० हजार, आणि पिल्लं, औषधं अजून धरलीच नाहीत. एवढा पैसा हातात नसेल आणि उधारीवर फीड उचलायचा विचार असेल तर स्वतःच्या बॅचचं नाव काढू नका.

रेटचं म्हणाल तर आखाडात मिळतो तो श्रावणात मिळत नाही, हे सगळ्यांना माहितीय. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवेनं रेट खर्चाच्या कितीतरी खाली गेला, स्वतःची बॅच असलेले पार झोपले. करारवाल्याला रेटचा फटका थेट बसत नाही. पण त्याचं दुखणं वेगळं, मार्केट पडलं की कंपनी पिल्लंच टाकत नाही, शेड रिकामं आणि हप्ता चालूच! ग्रोइंग चार्ज ७ रुपये धरला तर ढोबळ १० टनाचे ७० हजार, त्यातून लाइट-मजुरी जाणार, मग वर्षाला ६ ऐवजी ४ च बॅच मिळाल्या तर १ लाख ४० हजार गेले की नाही? हे कंपनीचा सुपरवायझर आधी कधीच बोलत नाही.

दुसरं म्हणजे लिफ्टिंग, कंपनीनं तयार माल उचलून नेणं. वजन भरलं आणि गाडी पाच दिवस उशिरा आली तर पक्षी खात राहतात, एफसीआर बिघडतो, उन्हाळ्यात मर पण वाढते, आणि कपात होते ती आपल्या पैशातून.

माझं मत, कर्ज असेल तर सुरुवातीची एक-दोन वर्षं करारच करा, पण दोन बॅचमधला गॅप आणि लिफ्टिंगची मुदत कागदावर घ्या, वजनाच्या वेळी काट्यापाशी स्वतः उभे रहा. कोरा चेक मागितला तर रक्कम टाकूनच द्या. आणि कोंबडखत कुणाचं तेही आधीच विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते शेतकऱ्यालाच राहतं आणि तेवढ्यात बॅचचं लाइटबिल निघून जातं.