टनब्रिज वेल्सचं ऑपेरा हाऊस: स्टेजवर बसून बिअर, आणि ज्यांना नको त्यांना चहा

आधीच सांगून टाकते, वेदरस्पूनमध्ये कोणी चवीसाठी जात नाही, स्वस्त पडतं आणि कधीही गेलं तरी उघडं असतं म्हणून जातात. पण केंटमधल्या रॉयल टनब्रिज वेल्स गावातल्या ह्या एका वेदरस्पूनला मी म्हणेन की खायचं-प्यायचं राहू दे, नुसती इमारत बघायला जा. पाहुणे आले की मी आता त्यांना लंडन आयच्या रांगेत उभं करत नाही, इकडे आणते.

इंग्लंडबाहेरच्यांसाठी थोडक्यात. वेदरस्पून म्हणजे इथली पबची मोठी चेन, टिम मार्टिन नावाच्या माणसाने 1979 मध्ये उत्तर लंडनच्या मझवेल हिलमध्ये पहिला पब काढला आणि आज देशभर आठशेच्या आसपास आहेत. बाकी चेनवाले चकाचक नवीन जागा घेतात, हे लोक शोधून शोधून बंद पडलेल्या मोठ्या इमारती घेतात. जुन्या बँका, थिएटरं, पोस्ट ऑफिसं, चर्चसुद्धा. एडिनबराला जॉर्ज स्ट्रीटवर एका जुन्या बँकेत यांचा पब आहे, तिथे तिजोरीची खोली अजून तशीच आहे. रॅम्सगेटला समुद्राकाठचा जुना पॅव्हिलियन, जो नंतर कॅसिनो झाला आणि मग बंद पडून सडत होता, तो यांनी 2017 मध्ये उघडला आणि तो यांचा सगळ्यात मोठा पब. यामागे वारसाप्रेम वगैरे कमी आणि हिशोब जास्त आहे असं माझं मत, कारण एवढ्या अवाढव्य जागा दुसऱ्या कोणाला परवडत नाहीत आणि यांना गर्दीच हवी असते. पण हिशोबातून का होईना, इमारत उभी राहते ना.

तर हे ऑपेरा हाऊस 1902 चं. बाहेरून लाल विटा, पांढरा दगड, वर घुमट, खाली ओळीने दुकानं. माउंट प्लेझंट रोडचा चढ चढत गेलात की डोळ्यांत भरतं. सुरुवातीला खरोखरचे ऑपेरे आणि नाटकं व्हायची, मग 1931 मध्ये त्याचं सिनेमा थिएटर झालं, मग साठच्या दशकापासून बिंगो, म्हणजे आपल्याकडच्या हाउजीसारखं, म्हाताऱ्या बायका आकडे कापत बसायच्या ते, आणि बिंगोही गुंडाळल्यावर 1996 मध्ये वेदरस्पून. इमारत ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या वारसा इमारतींच्या सरकारी यादीत, त्यामुळे आत मनाला येईल ती तोडफोड करता येत नाही, परवानगी लागते. म्हणूनच स्टेज आहे तिथे आहे, बाजूचे बॉक्स आहेत तिथे आहेत, बाल्कनीचं घोड्याच्या नालासारखं वळण आणि त्यावरचं प्लास्टरचं नक्षीकाम सगळं जागेवर. फक्त खालच्या प्रेक्षागृहात खुर्च्यांच्या रांगांऐवजी टेबलं आहेत आणि स्टेजवरही टेबलं.

होय, स्टेजवर बसून जेवता येतं. मी दरवेळी तिथलीच जागा पकडायचा प्रयत्न करते. तिथे बसून समोर बघितलं की अख्खं थिएटर आपल्याकडे बघतंय असं वाटतं आणि आपण काय करतोय तर चिप्सवर व्हिनेगर ओततोय.

गेल्या उन्हाळ्यात मामा आले होते सांगलीहून. मामांचं म्हणजे कसं, आयुष्यभर नोकरी सांभाळून हौशी नाटकं केली, विष्णुदास भावेंनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते आमच्या गावात हे कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगणार, आणि दारूच्या थेंबाला आयुष्यात शिवलेले नाहीत. त्यांना पबात नेते म्हटल्यावर नवरा म्हणाला, अगं काय डोकंबिकं फिरलंय का तुझं. मी मामांना सांगितलंच नाही कुठे चाललोय, फक्त "एक जुनं थिएटर दाखवते" म्हटलं. आत शिरल्यावर आधी त्यांचं लक्ष वर गेलं, बराच वेळ वरच बघत होते, मग खाली बघितलं तर सकाळी अकराला दोन आजोबा पिंट घेऊन पेपर वाचत बसलेले.

"इथे पितात?"

"हो मामा."

"थिएटरात?"

"आता पब आहे हा."

काही बोलले नाहीत. मग सरळ स्टेजवर गेले, मध्यभागी उभे राहिले, प्रेक्षागृहाकडे तोंड करून एक टाळी वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "शेवटच्या रांगेपर्यंत जातो गं आवाज. माईक लागायचा नाही." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पण टाळ्या वाजवल्या. मामा लाजले, पण खूश. त्यानंतर तीन तास हलायला तयार नव्हते.

आणि तीन तास आम्हाला कोणी हटकलंही नाही, हे ह्या जागेचं खरं मोठेपण आहे असं मला वाटतं. चहा-कॉफीचा मग एकदा विकत घेतला की मशीनवर जाऊन हवा तेवढ्या वेळा भरून आणायचा. म्हणून सकाळी इथे पिणाऱ्यांपेक्षा चहावाले जास्त दिसतात. रिटायर्ड लोक, बाबागाडीवाल्या आया, लॅपटॉप उघडून बसलेली पोरं. हिवाळ्यात तर घरचं हीटिंग वाचवायला येऊन बसणारेसुद्धा असणार. मामांनी किती मग रिचवले ते विचारू नका. चहा अर्थात पिशवी बुडवलेला, आलं-वेलचीची अपेक्षा ठेवाल तर तो तुमचा प्रश्न.

गाणीबिणी काही वाजत नाहीत, यांच्या बहुतेक पबांत तसंच आहे. मला हे फार आवडतं कारण बोललेलं ऐकू येतं, पण शुक्रवारी रात्री जाल तर गर्दीचाच एवढा कलकलाट असतो आणि तो वर चढून घुमटात घुमतो (थिएटरच ते, आवाज फिरवायलाच बांधलेलं). शांतपणे बघायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा.

आता ऑर्डर कशी द्यायची ते. बारवर जाऊन देता येते, किंवा यांचं ॲप आहे, त्यात पब निवडायचा, टेबलाचा नंबर टाकायचा, पैसे भरायचे, आणि बसल्या जागी आणून देतात. टिप देण्याचा दबाव नाही, वेटरला हाका मारणं नाही. टेबलाचा नंबर टेबलावरच असतो पण नीट बघून टाका, नाहीतर तुमचे चिप्स दुसरंच कोणीतरी आनंदाने खाईल. ह्या ॲपमुळे इथे एक वेगळाच खेळ सुरू झालाय. लोक ऑनलाइन ग्रुपवर आपला पब आणि टेबल नंबर टाकतात आणि कुठल्यातरी दुसऱ्या गावातला अनोळखी माणूस त्यांना काहीतरी पाठवतो, बऱ्याचदा नुसती वाटीभर मटार. भाचीने मुद्दाम मामांसाठी लंडनमधून एक वाटी पाठवली. मामांना आजतागायत वाटतं की टाळी वाजवली म्हणून पबवाल्यांनी मानाचे मटार दिले. आम्ही सांगितलेलं नाही.

खाणं. शाकाहारी लोकांचं बरं चालतं, बऱ्याच इंग्लिश पबांपेक्षा बरं. व्हेज ब्रेकफास्ट मिळतो, पण दुपारपर्यंतच, त्यामुळे उशिरा जाऊन ब्रेकफास्ट मागू नका. रताळं-छोले-पालकाची करी आहे, सोबत भात, नान आणि पापड. आता रताळं म्हटल्यावर कोणाच्या डोक्यात उपास आला असेल तर विसरा. करी ब्रिटिश करी आहे, म्हणजे सौम्य, जराशी गोडसर, फोडणी नावाचा प्रकार नाही, तिला आपल्या भाजीच्या मापाने मोजलं की निराशा ठरलेली. मी तिला वेगळाच पदार्थ समजून खाते आणि मग बरी लागते. बऱ्याच जेवणांच्या किमतीत एक ड्रिंक धरलेलं असतं तेवढं मेनूत बघून घ्या. नवरा फिश अँड चिप्स घेतो आणि तक्रार करत नाही, तो कशाचीच करत नाही म्हणा.

पिण्याचं सांगायचं तर, लागर, म्हणजे नेहमीची फिकट थंडगार बिअर, सगळीकडे सारखीच, ती इथे येऊन काय प्यायची. हातपंपाची रिअल एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, घ्या. ही पिंपात मुरते, गॅस मारून ढकलत नाहीत, बारवरचा उंच दांडा हाताने ओढून ग्लासात घेतात. थंडगार नसते, तळघराच्या तापमानाला म्हणजे साधारण 11 ते 13 डिग्रीला देतात. आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फात बुडवलेली बाटली, त्यामुळे पहिला घोट घेतल्यावर बरेच मराठी लोक "अहो ही गरम आहे" म्हणतात. गरम नाही, तशीच असते. रडल्स, अ‍ॅबट एल हे नेहमीचे, शिवाय फिरते पाहुणे ब्रँड असतात, आणि केंट म्हणजे हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) पूर्वापार शेती असलेला भाग, गाडीने येताना हॉप्स वाळवायची उंच टोकदार छपरांची घरं दिसतील, तेव्हा स्थानिक काही लावलं असेल तर तेच घ्या. कळत नसेल तर बारवर थोडी चव मागा, देतात. पिंट 568 मिलीची, पहिल्यांदा घेत असाल तर हाफ सांगा, लाज कसली.

स्वस्त का, तर त्यावर इथे एक जुनी अफवा आहे की हे लोक तारीख संपत आलेली बिअर उचलतात. कंपनीने ती कायम नाकारली आहे आणि मलाही पटत नाही. आठशे पबांसाठी एकदम खरेदी करणाऱ्याला भाव मिळणारच, किराणा होलसेलने आणल्यासारखं साधं गणित आहे. शाखेप्रमाणे दर बदलतात, एअरपोर्टवरच्या वेदरस्पूनवरून ह्याचा अंदाज बांधू नका. संस्थापक टिम मार्टिन ब्रेक्झिटचा कट्टर प्रचारक, त्यासाठी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या चकत्यांवरही मजकूर छापला होता, 2024 मध्ये त्याला 'सर' ही पदवीही मिळाली. काही मित्र त्यावरून इथे पाऊल टाकत नाहीत, त्यांचं त्यांच्यापाशी. पबात ठेवलेलं कंपनीचं फुकट मासिक मात्र चाळा, त्यात सुपरमार्केटच्या खाण्यावर व्हॅट नाही आणि आमच्यावर 20 टक्के का, हे रडगाणं बहुतेक सापडेल, आणि त्यात तथ्य आहे.

गालिचा बघायला विसरू नका. यांच्या प्रत्येक पबाचा गालिचा वेगळा विणून घेतलेला असतो, त्यावर वेड्यासारखं लिहिणारे लोक आहेत इथे.

मुंबईच्या ऑपेरा हाऊसची आठवण येणं साहजिक आहे. ते 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं, जवळपास ह्याच वयाचं. तिथे बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूरांनी नाटकं केली, नंतर तेही सिनेमा थिएटर झालं, 1993 मध्ये बंद पडलं आणि 2016 मध्ये झळाळून पुन्हा नाट्यगृह म्हणूनच उघडलं. मामांचं म्हणणं, असं व्हायला पाहिजे, थिएटर ते थिएटर. मला ते मान्य आहे, पण मुंबईचं नशीब प्रत्येक थिएटरला येत नाही, आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला आधी कुलूप येतं आणि मग टॉवर. आणि मुंबईत आत जायला तिकीट काढावं लागतं, इथे एका चहाच्या पैशात कोणीही दिवसभर त्या छताखाली बसतो. इथेही अधूनमधून टेबलं सरकवून खरा ऑपेरा झालेला आहे. हे ऐकल्यावर मामा जरा निवळले, मग लगेच विचारलं की संगीत नाटकाला देतील का. विचारायला काय हरकत आहे, लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे, नाटकवेड्यांना तोटा नाही.

जाणाऱ्यांसाठी: लंडन ब्रिज किंवा चेरिंग क्रॉसवरून थेट ट्रेन आहे, तासाभराची. स्टेशनवरून चढ चढत चार-पाच मिनिटं. कुत्रा असेल तर घरी ठेवा, मदतनीस कुत्रे सोडून बाकीच्यांना यांच्या पबांत बंदी. तरुण दिसत असाल तर ओळखपत्र ठेवा. पोरं चालतात पण मोठ्यांबरोबर आणि रात्री उशिरापर्यंत नाही. वेदरस्पूनचं टॉयलेट कायम लांब आणि जिन्यापलीकडे असतं हा इथला सार्वजनिक विनोद आहे, गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर आधी चौकशी करा. जेवण झाल्यावर उताराने पॅन्टाइल्सकडे, म्हणजे गावातल्या जुन्या खांबांच्या दुकानांच्या रस्त्याकडे जा, 1606 मध्ये सापडलेला लोहयुक्त पाण्याचा झरा तिथे आहे आणि उन्हाळ्यात पारंपरिक पोशाखातल्या लोकांनी ते पाणी पेल्यात घालून द्यायची जुनी परंपरा आहे. गंजलेल्या खिळ्याची चव आहे, मामांनी दोन पेले घेतले आणि म्हणाले चहापेक्षा बरं.