साडेचारशे रुपयांची लाली आणि फुकटचं लॅटिन

डबी दिसायला गोड आहे, हे आधीच कबूल करते. पितळी रंगाचं झाकण, आत आरसा, आणि आरशाखाली लालभडक मेणासारखी वडी. वजन 8 ग्रॅम, किंमत 450 रुपये. झाकणावर ठसठशीत ‘रुबोर’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘रातांब्याची लाली, गालांसाठी आणि ओठांसाठी’. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. तारकर्लीच्या रस्त्याला एका घराबाहेर टेबल मांडून एक मुलगा विकत बसला होता. शेजारी आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाच्या बाटल्या आणि मुटल्याचे, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तुपाचे गोळेही होते. मी खरं तर मुटल्यासाठी थांबले होते. थंडी पडली की माझ्या टाचा फुटतात.

डबी घेतली ती नावामुळे. बत्तीस वर्षं मी नर्स होते. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी चार शब्द पाठ करून घेतले होते, ते आजही झोपेत विचारा: रुबोर, टुमोर, कालोर, डोलोर. म्हणजे लाली, सूज, उष्णता, दुखणं. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी दाहाच्या या चार खुणा लिहून ठेवल्या आणि त्या अजून तशाच शिकवतात. टाक्यांच्या कडेला रुबोर दिसली की डॉक्टरांना हाक मारायची, एवढाच माझा त्या शब्दाशी व्यवहार. आणि इथे कोणी तो गालाला लावायला विकत होतं!

“बाळा, हे नाव कुठून काढलंस?”

“लॅटिन आहे, मावशी. म्हणजे लाजून लाल होणं.”

“आमच्या वॉर्डात याचा अर्थ पू होण्याआधीची पायरी.”

तो हसला, मीही हसले आणि पैसे देऊन मोकळी झाले. पुतणीचं लग्न दहा दिवसांवर होतं.

आता मालाबद्दल. रंग खरोखर सुंदर आहे. बाजारातल्या लालीसारखा गुलाबी नाही. कोकम सरबतात पाणी जरा कमी पडलं की येतो तसला, जांभळ्याकडे झुकणारा तांबडा. माझ्यासारख्या सावळ्या गालावर सहसा लाल काही उठत नाही, हा उठला. बोटाला मऊ लागतो, पसरतो छान, मांडवातल्या घामानेही ओघळला नाही. वास मात्र रातांब्याचा नाही. गुलाब आणि अगरबत्ती यांच्या मधलं काहीतरी आहे. तिथेच मला शंका यायला हवी होती. डबीवर घटक म्हणून ‘कोकम, मेण, तेल, सुगंध’ इतकंच लिहिलंय. कसलं तेल, कसला सुगंध, काही पत्ता नाही.

हळदीच्या दिवशी थोडी लावली, काही झालं नाही. लग्नाच्या सकाळी जरा हात सैल सोडला. अक्षता पडेपर्यंत गाल चुरचुरायला लागले. जेवणाच्या पंगतीत सोलकढीचा पेला गालाला टेकवून बसले होते, तेवढ्यात भावजय आली.

“वन्सं, तोंडाक काय झाला तुमच्या? मधमाशी चावली काय?”

आरशात बघितलं. रुबोर होती. टुमोर होती, डावा गाल पुरीसारखा. हाताची मागची बाजू लावून पाहिली, कालोर. डोलोर तर सकाळपासूनच. पुस्तकात पुढे कोणीतरी पाचवी खूणही जोडली आहे, त्या भागाचं काम बंद पडणं. तीही झाली, कारण हसता येईना आणि फोटोवाला तर “आत्याबाई, हसा” म्हणून मागे लागलेला.

मागच्या दारी गेले आणि कपडे धुवायच्या साबणाच्या वडीने तोंड खसाखसा धुतलं. नर्स असून! सुजलेल्या कातडीवर साबण घासू नये हे मी शेकडो पेशंटना सांगितलंय. वर मान करते तर नवरीची धाकटी बहीण समोर उभी.

“आते, आता तर तुझा तोंड काळा फासल्यासारखा दिसता गो!”

आणि तसंच दिसत होतं. लाल गेलं, त्याजागी निळसर काळे पट्टे. त्या क्षणी कळलं नाही, पण नंतर घरी करून पाहिलं. तुम्हीही करा, मजा आहे. वाटीत चमचाभर आगळ घ्या, चिमूट चिमूट खायचा सोडा टाका. आधी फसफसतं, मग लाल मावळतो, जांभळट होतो, आणखी सोडा टाकला की शाईसारखा मळकट निळा. रातांब्याच्या सालीतला रंग आंबटात लाल राहतो आणि क्षारात निळा पडतो. कपड्याचा साबण क्षारधर्मी. म्हणजे रंग अस्सल कोकमाचाच होता, मुलाने त्यात फसवलेलं नाही. हा गुण मी खात्यात जमा केला आहे.

गमतीची गोष्ट अशी की अंगावर पित्त उठलं तर आमच्याकडे आगळच चोळतात. माझी आजी तेच करायची. त्यामुळे मी दोष कोकमाला देत नाही, त्या बिननावाच्या सुगंधाला देते. थंड पाण्याची फडकी ठेवली, दोन दिवस कॅलामाइन लावलं, चौथ्या दिवशी गाल मूळ पदावर आला. नवी कुठलीही वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघायची असते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, हेच जास्त झोंबतं.

लग्नातली नाचक्की मात्र डोक्यातून जाईना. आमच्या गावच्या चर्चमधले एक म्हातारे फादर माझे जुने पेशंट. ऐंशी ओलांडलेली, सेमिनरीत सगळं लॅटिनमध्ये शिकलेले. त्यांच्या पायाचं ड्रेसिंग मी अजूनही करून देते. डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा बदलला, कपाटातून उशीएवढा कोश काढला आणि बोट फिरवत वाचू लागले. पहिला अर्थ लाली, कुठलीही. मग लाजेने चढलेली लाली. मग नुसती लाज, भीड, विनय. आणि सर्वांत शेवटी बेअब्रू, मान खाली घालायला लावणारी गोष्ट.

“म्हणजे तुझ्या डबीने सगळा कोश पुरा केला, सिस्टर,” म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

मला मात्र ते अडलं. लाजणं आणि बेअब्रू एकाच शब्दात? आपल्याकडे तसं नाही. नवरी लाजली की लाल होते, पण अब्रू गेली की तोंड काळं होतं. काळिमा लागतो, काळं फासतात, काळं करून जातात. कोणी म्हणतं का की अमक्याने घराण्याला तांबडं फासलं? फादर म्हणाले, त्या लोकांची कातडी गोरी, रक्त चढलं की दिसायचं, म्हणून त्यांची लाज लाल. हे मला पटलं, वॉर्डातल्या अनुभवावरून. सावळ्या अंगावर दाह पुष्कळदा लाल दिसतच नाही. काळपट, जांभळट दिसतो, आणि नव्या पोरी “सिस्टर, लाल नाहीये” म्हणून सोडून देतात. मी त्यांना हाताची मागची बाजू लावून बघायला शिकवायचे. डोळ्यांनी नाही, उष्णतेने ओळखा. आपली काळिम्याची भाषा त्यामुळेच आली असेल असा माझा दावा नाही. पण साबणाने निळ्याकाळ्या झालेल्या माझ्या गालावर दोन्ही भाषा एका दुपारीच आल्या, हे खरं.

नातं मात्र आहे. लॅटिनमधला लाल म्हणजे ‘रुबेर’ आणि आपलं संस्कृतातलं ‘रुधिर’ एकाच मुळाचे. शाळेत रुधिराभिसरण पाठ केलं तेव्हा कोणी सांगितलं नाही. आणि रातांब्यातला ‘राता’ म्हणजेही जुन्या मराठीत तांबडा. मुलाने डबीवर ‘राता’ लिहिलं असतं तरी चाललं असतं की! पण मग साडेचारशे कोणी दिले असते?

फादरांना त्या दिवशी चेव चढला होता. टेरेन्स नावाच्या रोमन नाटककाराचं एक वाक्य सांगितलं: मुलगा खोटं बोलताना लाल होतो ते बाप बघतो आणि मनात म्हणतो, “लाजला! मग सगळं ठीक आहे.” हे मला फार आवडलं. उलट गोष्ट रोमचा बादशहा डोमिशियनची. त्याचा चेहरा मुळातच तांबूस, लोकांना तो विनय वाटायचा, आणि त्यानेही सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या राजसभेत, आपल्या शालीन चेहऱ्याची फुशारकी मारली. टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार लिहितो की हीच लाली त्याने लाजेपासून वाचायला चिलखतासारखी वापरली. आधीच लाल असलेला माणूस आणखी काय लाल होणार? ऐकून मी डबीकडे बघितलं. गालावर कायमची लाज थापून ठेवली की खरी आली काय आणि न आली काय!

डबीवरच्या नंबरला फोन केला. आधी त्याने सांगितलं, “मावशी, नैसर्गिक आहे, त्रास होणारच नाही.” मी म्हटलं, खाजकुयलीही नैसर्गिकच असते. मग गप्प. मग म्हणाला, सुगंध मुंबईहून तयार मागवतो, त्यात काय असतं ते मलाही ठाऊक नाही. सावकाश, चाचरत म्हणाला. फोनवर गाल दिसत नाहीत, पण माझा अंदाज आहे की त्या क्षणी टेरेन्सचा तो बाप खूश झाला असता. पैसे परत देतो म्हणाला, मी घेतले नाहीत. बिनवासाची डबी बनव आणि घटकांची पूर्ण यादी छाप, एवढं सांगितलं. पंधरा दिवसांनी बिनवासाची आली. यादीत तेलाचं नाव आहे, मेणाचं आहे. कोपरावर दोन दिवस ठेवली, काही नाही. गालाला लावायचं धाडस अजून केलेलं नाही.

पाचपैकी किती? वासाच्या डबीला एक, तोही रंगासाठी. बिनवासाच्या डबीला साडेतीन. कापलेल्या दीडातला अर्धा मी कातडीवरून नाही, किमतीवरून कापते. आठ ग्रॅमला साडेचारशे म्हणजे आमच्याकडे किती बाटल्या आगळ येईल याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

ती पहिली डबी वाया गेली नाही. शेजारचा एक जण दशावतारात स्त्रीपार्ट करतो. त्याला सगळं सांगून दिली. त्याने वरचा थर खरवडला, हातावर तीन दिवस लावून बघितली, त्याला काही झालं नाही. सेनेका नावाचा रोमन तत्त्वज्ञ म्हणतो, असं फादरांनीच सांगितलं होतं, की नट मान खाली घालतील, आवाज बारीक करतील, नजर जमिनीला लावतील, पण लाजेची लाली त्यांना हुकमाने आणता येत नाही. परवा जत्रेत पेटीवाल्याच्या मागे बसून बघत होते. पहाटेचे तीन वाजले असतील. राजाने विवाहाचा प्रस्ताव मांडला, आणि आमच्या शेजाऱ्याने मान खाली घातली, नऊवारीचा पदर दातात धरला. लाइटच्या उजेडात दोन्ही गाल पिकल्या रातांब्यासारखे. सहा तास घाम गाळून रंग जागचा हलला नव्हता. बाजूची म्हातारी म्हणाली, “बघ गो, कसो लाजता तो.”